बर्फ वितळला की

९ जानेवारी, शनिवार

काम क्रमांक ६१३. गिऱ्हाईक : लेम्पी हापाला. पत्ता : आमचाच.

नवी वही काढली. आठ वर्षांपूर्वी हत्यारं पेटीत ठेवली तेव्हा वाटलं होतं की वह्याही संपल्या. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी सुतारकाम शिकलो तो म्हणायचा, "रूडी, रोज काय केलंस ते लिही. आणि घरची बाई काय म्हणाली ते त्याहून नीट लिही. भांडण झालं तर वहीच कामाला येते." तेव्हापासून प्रत्येक कामाची वेगळी वही. पहिल्या पानावर गिऱ्हाईकाचं नाव, मधे काम आणि तक्रारी, शेवटच्या पानावर गिऱ्हाईकाची सही.

मिनेसोटातल्या या डुलूथ गावातली अर्धी स्वयंपाकघरं माझ्या हातची आहेत. आमच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. चमच्यांचा ड्रॉवर बंद करायचा तर डाव्या हाताने उचलून गुडघ्याने ढकलावा लागतो. लेम्पी, माझी बायको, १९७४ पासून नवीन स्वयंपाकघर मागतेय. मी दरवर्षी सांगत आलो, "बर्फ वितळला की करतो." बर्फ वितळला की गावात सगळ्यांनाच सुतार हवा असतो, मग आमचं राहून जायचं. पुढेपुढे मी नुसतं "बर्फ" म्हटलं तरी ती विचारायची, "कुठल्या वर्षीचा?"

आता करायचं म्हणजे करायचंच, कारण घर विकायचं आहे. सरोवराकाठी वयस्कर माणसांसाठी जी इमारत आहे, तिथे खालच्या मजल्यावर जोडप्यांसाठी फ्लॅट आहेत. मार्नीने, आमच्या मुलीने, शोधून काढलं. जेवण तयार मिळतं, नर्स असते, आणि दोघांना एकत्र राहता येतं. लेम्पी हल्ली विसरते. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय, पण मी विसराळूपणाच म्हणतो. घर आहे तसं विकलं तर दोघांचा फ्लॅट परवडणार नाही, नीटनेटकं करून विकलं तर परवडेल. म्हणून काम क्रमांक ६१३.

आज शनिवार, साऊनाचा, म्हणजे आम्हा फिनिश लोकांच्या वाफेच्या अंघोळीचा दिवस. तळघरात चूल पेटवली, दगड तापवले. लेम्पीने लांब दांड्याच्या डावाने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेत माझ्या पाठीवर बर्चच्या डहाळ्यांची जुडी मारत म्हणाली, "पाठ म्हाताऱ्याची झाली रे तुझी." मी म्हटलं, "मग म्हाताऱ्याचीच आहे ती."

१२ जानेवारी

जोलीन येऊन गेली. घरं विकून देणारी बाई. उंच टाचांचे बूट घालून बर्फातून आमच्या चढावर आली, त्यातच तिची जिद्द कळली. घरभर फिरली आणि बोट दाखवत गेली.

"ही भिंत पाडा, मिस्टर हापाला. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक करा. कपाटं पांढरी. शेगडी खिडकीपाशी नको, मधे ओटा बांधून त्यावर घ्या. भिंतींना फिकट राखाडी रंग. आणि फोटो सगळे काढा."

"फोटो कशाला? ते काय खातात?"

"घर बघायला येणाऱ्याला त्यात स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नाही. विकायचं घर असं हवं, जणू त्यात कधी कोणी राहतच नव्हतं."

"पन्नास वर्षं होत आली राहतोय आम्ही."

"तेच तर झाकायचंय," जोलीन हसून म्हणाली. बाई मनाने वाईट नाही. तळघरातला साऊना बघितल्यावर मात्र म्हणाली, "याला हात लावू नका. या गावात हा असाच विकला जातो."

आमचं बोलणं चाललं असताना लेम्पीने कॉफी केली. जोलीनकडे बघत, तिच्या बुटांची चौकशी करत. डावीकडच्या फळीवरून डबा, दोन पावलं खिडकीकडे, शेगडीवर किटली, चमचा घेतला, ड्रॉवर गुडघ्याने बंद. वेलचीचा पावही कापून दिला. मधे तिने जोलीनला तिसऱ्यांदा नाव विचारलं, पण कॉफी फक्कड झाली होती.

२० जानेवारी

फोटो उतरवले. चव्वेचाळीस खिळे. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली, उद्या रंग.

लेम्पी मागेमागे फिरत होती. प्रत्येक खिळा निघाला की भिंतीवर तळहात ठेवून बघायची. जिन्याच्या भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो काढला तेव्हा म्हणाली, "आता मी वर कशी जाणार?"

"जिन्याने," मी म्हटलं.

गिऱ्हाईकाची तक्रार : भिंती उघड्या वाटतात. उत्तर : रंग लागला की वाटणार नाहीत.

३ फेब्रुवारी

इमारतीतून फोन आला. मिसेस ओडेगार्ड म्हणून तिथल्या मुख्य नर्स आहेत. जोडप्याचा फ्लॅट देण्याआधी त्या घरी येऊन बघतात. माणूस स्वतःच्या घरात कसा वावरतो, चहापाणी करतो का, जिना चढतो का. त्यावरून ठरतं, खालच्या मजल्यावरचा फ्लॅट की दुसऱ्या मजल्यावरचा कुलूपबंद भाग. तिथे नवराबायकोला एकत्र ठेवत नाहीत.

"मी अठरा फेब्रुवारीला येऊ शकते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तेव्हा नका येऊ. स्वयंपाकघर मोडलेलं असेल. एप्रिलमध्ये या, बघण्यासारखं होईल."

"मला स्वयंपाकघर बघायचं नाहीये, मिस्टर हापाला. मला तुमच्या मिसेसना भेटायचंय."

"भेटा की. पण अर्धं काम मी आयुष्यात कुणाला दाखवलेलं नाही, आता म्हातारपणी सुरुवात करणार नाही."

त्यांनी १८ एप्रिल लिहून घेतला. मला बरं वाटलं. पडक्या स्वयंपाकघरात परक्या बाईला बसवायचं, आणि वर तिच्याकडून दाखला मागायचा, हे बरं दिसत नाही.

११ फेब्रुवारी

भिंत पाडली. शेजारचा गॉर्डी मदतीला आला होता. त्याच्या पहारीला अजून जोर आहे, जिभेला त्याहून जास्त.

"पस्तीस वर्षं मी तुझ्या बायकोच्या तोंडून या स्वयंपाकघराचं रडगाणं ऐकतोय," तो म्हणाला. "आज कळलं, तुला हात आहेत."

"तू पहार मार. बोलायचे पैसे देत नाही मी."

हिरवी कपाटं उतरवली आणि गॉर्डीच्या ट्रकमधून कचरा डेपोवर नेऊन टाकली. तो ड्रॉवर शेवटपर्यंत अडला. शेवटी मीच लाथ घातली.

परत आलो तर लेम्पी कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन धुळीत खुर्चीवर बसलेली. गॉर्डी माझ्या कानाशी लागला. "रूडी, जरा दमाने घे. माझ्या आईची आम्ही नुसती पलंगाची जागा बदलली होती, तर तिने..."

"तुझी आई चौऱ्याण्णवची होती."

"म्हणून काय झालं? लेम्पीकडे बघ तरी."

उंटावरून शेळ्या हाकायला गॉर्डीला कायमच आवडतं. लेम्पीला विचारलं, "कोट कशाला?" म्हणाली, "थंडी आहे." खरंच होती. भिंत पाडली की खोलीत वारा खेळतोच.

२७ फेब्रुवारी, शनिवार

ओट्याचा सांगाडा उभा केला. पाणसळ लावून बघितली, केसभर फरक नाही.

संध्याकाळी साऊना. शनिवारी लेम्पी अगदी ठणठणीत असते, हे माझ्या आता लक्षात आलंय. आठवडाभर हे कुठे, ते कुठे, आणि खाली बाकावर बसली की सगळं जागच्या जागी. डाव न बघता उचलते. मार्नीच्या जन्माच्या दिवशीचं वादळ, गाडी बर्फात रुतली होती ते, मी कुठल्या शेजाऱ्याला शिव्या दिल्या ते, सगळं सांगितलं. शिव्यासुद्धा बरोबर आठवल्या.

मार्नीला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. वाफेने डोकं मोकळं होत असणार, दुसरं काय!

९ मार्च

हे लिहू की नको असं झालंय. पण वहीत खोटं लिहायचं नाही.

गेल्या आठवड्यात बाथरूमचा दरवाजा फिरवला. आधी तो बोळात उघडायचा, आता आत उघडतो. बिजागऱ्या उलट बाजूला, दिव्याचं बटण बाहेरून आत. जोलीन म्हणाली होती की बोळ मोठा दिसेल. दिसतोही.

आज दुपारी लेम्पी बोळात कोटांच्या कपाटासमोर उभी होती. कपडे ओले, जमीन ओली. बटण असायचं तिथे भिंत चाचपत होती, ताज्या राखाडी रंगावर तिच्या बोटांचे डाग. मी ओरडलो. रंगाबद्दल ओरडलो की तिच्याबद्दल, माहीत नाही. गिऱ्हाईकावर आवाज चढवायचा नाही हा पहिला नियम, आणि सहाशे बारा कामांत मी तो मोडला नव्हता.

धुऊन, पुसून, कोरडे कपडे घालून तिला बसवलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नम्रपणे म्हणाली, "तुमचं घर छान आहे हो. पण आता मला घरी जायला हवं. उशीर झालाय."

टोमणा मारण्यात लेम्पीचा हात धरणारं कोणी नाही. लग्नानंतर पहिल्या भांडणात ती मला आठवडाभर "मिस्टर हापाला" म्हणत होती. म्हणून मी हसलो आणि माफी मागितली. ती हसली नाही.

२ एप्रिल, शनिवार

स्वयंपाकघर झालं.

एवढं देखणं काम मी कुणाकडे केलं नाही. कपाटं मॅपलची, वर पांढरा रंग, सांधा शोधूनही सापडणार नाही. मधला ओटा सात फुटी, त्यातच शेगडी. खिडकीपाशी जिथे जुनी शेगडी होती तिथे बसायला बाक, त्यावर निळी गादी. तिथून सरोवर आणि पलीकडची जहाजं दिसतात. चमच्यांचा ड्रॉवर एका बोटाने बंद होतो, आणि आवाजही करत नाही. तो ड्रॉवर मी तीनदा केला.

लेम्पीला हाताला धरून आणलं, डोळे मिटायला लावले, मग उघडायला लावले. ती दारात उभी राहिली. पाठीमागे हात बांधून, जसे आपण दुसऱ्याच्या घरात काही हाताला लागून फुटू नये म्हणून बांधतो. "वा," म्हणाली. "किती छान." आणि आत आलीच नाही.

बेचाळीस वर्षं मागितलं, आणि आता बोटसुद्धा लावत नाही. मला राग आला, लिहून ठेवतो. दिवसभर कॉफी मीच केली. तिने कप दोन्ही हातांनी धरून दर वेळी आभार मानले, त्याने राग आणखी वाढला.

साऊनात मात्र नेहमीसारखी. मी विचारलं, "आवडलं नाही का तुला?" ती म्हणाली, "काय?" मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. आठवड्यातला तेवढा एक तास मला घालवायचा नव्हता.

१८ एप्रिल

मिसेस ओडेगार्ड आल्या. साठीच्या, आवाज मऊ, पायात सपाट बूट. मी घासूनपुसून घर आरशासारखं केलं होतं. लेम्पीला निळा स्वेटर घातला, केस विंचरून दिले.

त्यांनी लेम्पीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. छान उत्तरं दिली तिने. मग त्या म्हणाल्या, "मिसेस हापाला, बाहेर फार गारठा आहे. मला कपभर कॉफी मिळेल का?"

"का नाही मिळणार!" लेम्पी अशी उठली की माझी छाती फुगली. गेले कित्येक दिवस ती अशी उठली नव्हती. घरी पाहुणा आला आणि त्याने कॉफी मागितली, की आमच्या फिनिश बायका मरणाच्या दारातूनही उठतील.

किटली तिने उचलली. खिडकीकडे दोन पावलं टाकली आणि किटली निळ्या गादीवर ठेवली. मग डावा हात वर नेला, जिथे फळी होती. हात हवेत. थोडा वर, थोडा खाली. मग चमच्यासाठी उजवा हात खाली. तिथेही काही नाही. तरी तिने मूठ मिटली, आणि नंतर डावा गुडघा उचलून हवेतच ड्रॉवर ढकलला.

तोल गेला. मी धावत जाऊन धरलं. "अगं, शेगडी इकडे आहे. मधे. इथे बघ."

"तुम्ही जरा बाजूला व्हा," ती मला म्हणाली. "मला माझं काम करू द्या. पाहुण्या आल्यात." आणि मग घाबरून खोलीभर बघितलं. "इथलं सगळं कुणी नेलं?"

किटलीचं पाणी गादीतून जमिनीवर ठिबकत होतं. लेम्पी रडायला लागली. मिसेस ओडेगार्डनी तिला जवळ घेऊन बसवलं, तिचा हात हातात धरून ठेवला. बऱ्याच वेळाने मला विचारलं, "हे सगळं कधी बदललंत?"

"फेब्रुवारीपासून. एकट्याने," मी म्हटलं. अजूनही माझ्या आवाजात ऐट होती, ती मला स्वतःलाच ऐकू आली.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी अठरा फेब्रुवारीला यायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. 

२२ एप्रिल

पत्र आलं. दुसरा मजला. जागा जूनमध्ये. मला रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात भेटता येईल.

मार्नीचा फोन. ती रडत होती, मी नव्हतो.

"बाबा, हा तुमचा दोष नाही. आजारच तसा आहे. आज ना उद्या होणारच होतं."

"मग उद्या झालं असतं. खालच्या मजल्यावर."

"म्हणजे?"

तिला सांगितलं. फेब्रुवारीत मी तोडफोड आठवडाभर पुढे ढकलली असती आणि त्या बाई आल्या असत्या तर जुन्या स्वयंपाकघरात लेम्पीने डोळे मिटून कॉफी केली असती. जोलीनला तिने करून दिली होती, माझ्यासमोर. त्या मोडक्या ड्रॉवरसकट सगळं तिच्या हातापायांत होतं, आणि मी ते एकेक करून उखडलं, लांबी भरली, घासलं, वर रंग दिला. आणि ज्या बाईंनी आम्हाला एकत्र ठेवलं असतं त्यांना मीच सांगितलं, दोन महिन्यांनी या.

मार्नीने नाक शिंकरलं. मग म्हणाली, "तुम्ही आईसाठीच केलंत ना ते."

घरासाठी केलं. किंमत वाढावी म्हणून केलं. आणि हो, तिच्यासाठीही केलं, पण चाळीस वर्षं उशिरा. वरातीमागून घोडं.

२६ एप्रिल

कागदावर जुनं स्वयंपाकघर काढत बसलो होतो. फळीची उंची आठवते, शेगडीची जागा आठवते. हिरवा रंग मिळेल. पंधरा दिवसांत परत उभं करीन आणि मिसेस ओडेगार्डना परत बोलवीन, असं ठरवलं.

गॉर्डीने कागद बघितला. एरवी लगेच काहीतरी लागट बोलला असता. म्हणाला, "तिला आता पुन्हा हातोड्याचा आवाज ऐकवू नकोस."

"पण मग मी काय करू?"

"काही करू नकोस, रूडी. बस तिच्याजवळ."

इमारतीत फोन केला. मिसेस ओडेगार्ड म्हणाल्या, आता तिचं पाऊल घसरलंय, जुन्या जागी नेलं तरी ते परत मिळेलच असं नाही. फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "मला माफ करा, मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता." मी म्हटलं, हट्ट माझा होता. कागद स्टोव्हमध्ये टाकला.

१५ मे, रविवार

घर बघायला लोकांना बोलावलं होतं. अशा वेळी मालकाने घरात थांबायचं नसतं. मी लेम्पीला गाडीत घेऊन सरोवराकाठी जाऊन बसलो. किनाऱ्याला सावलीत थोडा बर्फ उरलाय, बाकी सगळा गेला. एक जहाज पुलाखालून आत आलं. तिने हात हलवला.

जोलीनचा फोन आला. तीस-पस्तीस माणसं येऊन गेली, सगळी स्वयंपाकघरात घुटमळत होती. एका तरुण जोडप्याने आम्ही सांगितलं त्याहून जास्त देऊ केलंय. बायको निळ्या गादीवर बसली ती उठायलाच तयार नव्हती म्हणे.

"मी म्हटलं होतं ना!" जोलीन म्हणाली. "तुमच्या हातांनी घराची किंमत केवढी वाढवली बघा."

मी आभार मानले. लेम्पीने विचारलं, "कोण होतं?"

"घर विकलं गेलं."

"कुणाचं?" तिने विचारलं. "चांगलं होतं का?"

११ जून, शनिवार

परवा सोमवारी किल्ल्या द्यायच्या. त्याच सकाळी लेम्पी दुसऱ्या मजल्यावर, आणि मी गॉर्डीकडच्या मागच्या खोलीत, इमारतीपासून चालत वीस मिनिटांवर.

सामान गेलं. घरात आता खरंच कोणी राहत नव्हतं असं वाटतं. जोलीन बघेल तर खूश होईल. तळघरात मात्र सगळं तसंच. दुपारी लाकडं फोडली आणि शेवटचा साऊना तापवला.

ईस्टरपासून वर घरात लेम्पीने माझं नाव घेतलेलं नाही. मला "तुम्ही" म्हणते. आज बाकावर बसली, पाय पोटाशी घेतले, हात न बघता मागे नेऊन डाव उचलला आणि म्हणाली, "रूडी, दगड नीट तापले नाहीत. घाई केलीस."

"जरा थांब. तापतील."

तिने पाणी टाकलं. वाफ आली. आम्ही दोघं खाली मान घालून बसलो, गेली पन्नास वर्षं बसतो तसे. मग ती आवाज खाली करून, कुणाची चहाडी सांगावी तशी म्हणाली, "वर तो माणूस राहतो ना..."

"कोण माणूस?"

"तो रे, सुतार. त्याने बायकोसाठी काय स्वयंपाकघर केलंय! तू एकदा जाऊन बघ. पांढरं. खिडकीपाशी बसायला गादी, समोर सरोवर. आणि ड्रॉवर नुसतं बोट लावलं की बंद."

मला वाटलं होतं की तिने तो ड्रॉवर कधी उघडलाच नाही.

"तुला आवडलं?" मी विचारलं.

"कुणाला नाही आवडणार! तो बाहेर गेला होता तेव्हा मी एकदा उघडून बघितला. पण बाकी कशाला हात लावला नाही. दुसरीचं आहे ते. तिने किती वर्षं वाट बघितली असेल कोण जाणे."

"आणि ती कुठे असते?"

"दिसत नाही. वारली असेल बिचारी." लेम्पीने दगडांवर आणखी थोडं पाणी टाकलं. "माणूस चांगला आहे, रूडी. मला कॉफी करून देतो. एकदा ओरडला होता, पण नंतर माफी मागितली. सारखा माझ्याकडे बघत असतो, जसं काही विचारायचंय. त्याला एकटं सोडू नकोस. शनिवारी खाली बोलाव हवं तर, त्याच्याकडे नसेल साऊना."

मी बरं म्हटलं. घाम होता, त्यामुळे तोंड पुसायला निमित्त लागलं नाही.

मग तिने कोपराने मला ढोसलं. "लोकांच्या बायकांची नशिबं बघ. तू माझं कधी करणार?"

काय सांगणार होतो? केलं म्हणू? वर चल, दाखवतो म्हणू? वर गेल्यावर मीच नसतो.

"बर्फ वितळला की करतो," मी म्हटलं.

लेम्पी खळखळून हसली. जुडी उचलून माझ्या पाठीवर मारली आणि म्हणाली, "कुठल्या वर्षीचा?"

दगड थंड होईपर्यंत आम्ही बसून होतो. मग मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि जिना चढलो. वरच्या पायरीवर स्वयंपाकघराचा दिवा तिच्या तोंडावर पडला, आणि तिने माझ्या हातातून हात अलगद सोडवून घेतला. "आभारी आहे हं," ती मला म्हणाली. "तुम्हाला फार त्रास दिला."

वहीचं शेवटचं पान आलं. इथे गिऱ्हाईकाची सही घ्यायची असते. सहाशे बारा वह्यांत ती आहे. या वहीत जागा मोकळी सोडतोय. तिच्या लेखी काम अजून सुरूच झालेलं नाही.